यंदाच्या पाडव्याला, उत्तरेकडे

"बाई, तुम्ही स्वतः पाहिलाय का?"

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून ध्रुवीय प्रकाश समजावत होते, तेव्हा मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. मी सूरतच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत सव्वीस वर्षं शिकवते आहे. दरवर्षी हाच गोल काढते, वर हिरव्या खडूने तीन-चार रेघा ओढते आणि पुढे जाते. "नाही रे बाळा," एवढंच म्हटलं. पण त्या दिवशी घरी परतताना प्रश्न डोक्यातून जाईना.

रात्री जेवताना यांना सांगितलं. हे पांडेसरा जीआयडीसीतल्या एका डाईंग मिलमध्ये कलर मास्टर. तीस वर्षं शेड मॅच करण्यात गेली. पार्टीने चिंधी आणून दिली की तोच रंग तंतोतंत हजारो मीटर कापडावर उतरवायचा. हे म्हणाले, "हिरव्या रेघा म्हणजे कुठला हिरवा? पोपटी? पिस्ता? बाटली?" मला सांगता येईना. मग मोबाइलवर फोटो काढून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फोटोचा भरवसा नाही. जाऊन बघायला पाहिजे."

मंडळी, आमच्या घरात बेत ठरला तो असा. आता त्याची सगळी जुळवाजुळव होत आली आहे. आपल्या मंडळातल्या दोन-तीन घरांतून विचारणा झाली, म्हणून काय केलं, कुठे अडलो आणि कशावरून घरात वाद झाले, ते सगळं लिहिते आहे.

हा उजेड येतो कुठून?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं, पण त्या झटापटीत काही कण वेगाने दोन्ही ध्रुवांच्या दिशेने खाली ओढले जातात. वरच्या विरळ हवेवर ते आदळले की हवेतले वायू उजळतात. साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा उजेड देतो, दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल दिसतो आणि नायट्रोजनमुळे निळ्या-जांभळ्या कडा येतात. हे ऐकून मास्टर म्हणाले, "म्हणजे एकच माल, उंचीप्रमाणे शेड बदलते." वर्गात मी इतकं सोपं कधी सांगितलं नव्हतं.

हा उजेड ध्रुवाभोवती एका कड्यात दिसतो. उत्तरेचं कडं साधारण ६५ ते ७० अक्षांशांमध्ये येतं. सूरत आहे २१ अक्षांशावर. म्हणून आपल्याला तो दिसत नाही. पण अगदीच कधी नाही, असंही नाही. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरचं मोठं वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदींनी जबरदस्त घसरण दाखवली. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्या नोंदी वापरतात. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर प्रत्यक्ष मुंबईच्या आकाशात हा प्रकाश दिसल्याची नोंद आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांचा उपकरणांना त्रास होणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. अगदी अलीकडे, मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ लाल झाक टिपली.

आणि उत्तर ध्रुवाचा विषय आपल्या माणसांना नवा नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ स्थान आर्क्टिक प्रदेशात होतं, असं मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांतली उषेची वर्णनं लांबलचक ध्रुवीय पहाटेची आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आज अभ्यासक तो सिद्धांत मान्य करत नाहीत. पण कधीही तिकडे न गेलेल्या माणसाने पुण्यात बसून तिथल्या पहाटेचा इतका विचार केला, याचं मला नवल वाटतं.

कालनिर्णय आणि सासूबाई

आता तारीख. शाळेतून मला लांब रजा फक्त दिवाळीत मिळते. मिलही दिवाळीतच बंद राहते. कारागीर गावी जातात आणि लाभपाचमेनंतर हळूहळू परततात. म्हणजे दिवाळीशिवाय दुसरा पर्याय नव्हता. नेहमी दिवाळी ऑक्टोबरातही येते. यंदा अधिक महिना आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर उत्तरेत हिवाळा लागलेला असतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावी नोव्हेंबरच्या मध्यावर दिवस पाच तासांहूनही लहान असतो. २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य उगवणंच थांबतं, तो थेट जानेवारीच्या मध्याला दिसतो.

शिवाय चंद्र. पौर्णिमेच्या चांदण्यात फिकट उजेड धुऊन निघतो, म्हणून अमावास्येच्या आसपासचे दिवस बरे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर बोट ठेवून मी म्हटलं, "दिवाळी म्हणजेच अमावास्या. आयतंच जमलं की."

सासूबाई तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या. त्या मूळच्या शहाद्याकडच्या. चाळीस वर्षं सूरतेत काढली, तरी रागावल्या की अहिराणीतच बोलतात. "लाईट देखाले इतला दूर? आठे काय कमी लाईट शेतस?" मग दुसरा मुद्दा: लक्ष्मीपूजनाला घराला कुलूप? तिसरा: अमावास्येला प्रवासाला निघायचं? आणि चौथा, खरा मुद्दा: "इतला पैसामा वरला मजला हुई जाई."

पहिल्या तिन्हींवर तोड निघाली. लक्ष्मीपूजन घरीच करायचं. अमावास्या ९ तारखेला दुपारी संपते. १० नोव्हेंबरला पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. त्या दिवशी निघायचं. भाऊबीज तेवढी विमानात जाईल, पण माझ्या भावाने ओवाळणी आधीच पोचवायचं कबूल केलं आहे. प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंतचा कोवळा चंद्र आकाश फारसं उजळत नाही. तुळशीच्या लग्नाआधी परत. चौथ्या मुद्द्यावर मात्र घरात आठवडाभर कोणी नीट बोललं नाही. वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी ठेवलेली मुदतठेव मोडायची होती.

घाई कशाची होती

हे आत्तापर्यंत मी फक्त जवळच्यांना सांगितलं होतं. यांना चौदा वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी मिलमध्ये एक लॉट परत आला, शेड उतरलेली निघाली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. हे म्हणाले, लॅबमधली ट्यूबलाइट बदलायला हवी. ट्यूबलाइट बदलली. पुन्हा तसंच झालं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब केल्या होत्या. दोन्ही डोळ्यांना लेझर करावं लागणार होतं.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. समोरची, कामाची नजर वाचवण्यासाठी पडद्याच्या कडेच्या भागावर लेझर करतात. त्यामुळे बाजूचं आणि अंधारातलं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. मी विचारलं, "सहलीनंतर केलं तर चालेल का?" डॉक्टर म्हणाले, "बाई, सहल पुढे ढकला, लेझर नाही. आत रक्त उतरलं तर दिवसाचं दिसणंही जाईल." हे मध्येच म्हणाले, "रंग दिसतील ना?" डॉक्टर म्हणाले, "ते वाचवायलाच तर हे करतोय."

लेझर तीन बैठकांत झालं. नजर टिकली, रंग टिकले. पण रात्री जिन्यावरून उतरताना हे आता भिंतीला हात लावून उतरतात.

आणि तिकडे सूर्याचंही वय चाललेलं. सूर्यावरची धामधूम साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढते आणि ओसरते. सध्याच्या चक्राचा शिखरकाळ आल्याचं शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. उताराची पहिली काही वर्षंही चांगली असतात. पण पुढचं शिखर येईल तेव्हा हे सत्तरीत असतील. त्या वेळी डोळे कसे असतील, कोण सांगणार? वरचा मजला दोन वर्षांनी बांधता येईल. शेवटी मुदतठेव मोडली.

गावच्या गच्चीवरची परीक्षा

मोडली खरी, पण माझ्या मनात धाकधूक होतीच. एवढा खर्च करून तिथे जायचं आणि यांनाच काही दिसलं नाही तर? पांडेसऱ्याच्या आकाशात परीक्षा घेता येत नाही. मिलचे दिवे, धुराडी, रस्त्यावरचा पिवळा उजेड. इथे चार तारे दिसले तरी खूप.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत उधना-जळगाव मार्गाच्या गाडीने गावी गेलो, अमावास्येच्या दोन दिवस आधी. रात्री एक वाजता दोघं गच्चीवर गेलो. मोबाइल बंद ठेवून अर्धा तास नुसते बसलो, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. सातपुड्याच्या बाजूचं आकाश खच्चून भरलं होतं. आकाशगंगेचा पट्टा मला स्पष्ट दिसत होता.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"मोठे तारे दिसतात. विंचू दिसतोय."

"आणि मधला पांढुरका पट्टा?"

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही दिसत. लहानपणी याच गच्चीवरून दिसायचा."

मी रडले नाही, पण म्हटलं, "आपण रद्द करू. पैसे परत ठेवू." हे म्हणाले, "आकाशगंगा किती फिकट आणि तो उजेड किती फिकट, ते आधी बघ. मापाशिवाय निकाल देऊ नये."

मी सुट्टीभर तेवढंच शोधत बसले. ध्रुवीय प्रकाश मंद असतो तेव्हा आकाशगंगेसारखाच पांढुरका दिसतो. धडधाकट डोळ्यांनाही तो राखाडी ढगासारखा वाटतो, कारण अंधुक उजेडात आपला डोळा रंग ओळखत नाही. कॅमेरा काही सेकंद उजेड साठवतो, म्हणून फोटोत तो गर्द हिरवा येतो. यांनी फोटोवर घेतलेली शंका बरोबर निघाली. पण जोराचा प्रकाश आकाशगंगेपेक्षा कितीतरी तेजस्वी असतो. अगदी जोरात असला तर जमिनीवर चांदणं पडल्यासारखा भास होतो. तेव्हा हिरवा रंग साध्या डोळ्यांना दिसतो.

म्हणजे आम्हाला साधी नाही, चांगली रात्र हवी होती. मग बेत त्या हिशेबाने बदलला.

बदललेला बेत

आधी चार रात्री ठरवल्या होत्या, त्या सात केल्या. तीन रात्रींहून कमी वेळासाठी तर कोणीच एवढ्या लांब जाऊ नये. एखादी ढगाळ रात्र सगळं वाया घालवते. सगळ्या रात्री एकाच जागीही ठेवल्या नाहीत. ट्रॉम्सो समुद्रकाठचं. गरम सागरी प्रवाहामुळे तिथली थंडी सोसवते, पण ढग फार. म्हणून चार रात्री ट्रॉम्सोला आणि तीन रात्री स्वीडनमधल्या अबिस्कोला. अबिस्को डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे तिथे पाऊस-बर्फ कमी आणि आकाश जास्त वेळा मोकळं असतं. थंडी मात्र कडक. ट्रॉम्सोहून नार्विकपर्यंत बसने साधारण चार तास, पुढे रेल्वेने दोन तासांच्या आत.

रशियातल्या मुर्मान्स्कचाही विचार केला होता. ई-व्हिसा मिळतो आणि खर्चही कमी. पण आपली व्हिसा-मास्टरकार्डं तिथे चालत नाहीत. औषधपाण्याची गरज असलेल्या माणसाला घेऊन रोख पैशांवर राहणं आम्हाला नको वाटलं.

एका सहल कंपनीच्या माणसाने "शंभर टक्के दिसणारच" असं छातीठोकपणे सांगितलं. त्याला आम्ही तिथेच नमस्कार केला. आकाशाची हमी देणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? तिकडे रात्रीच्या लहान गाड्या मोकळं आकाश शोधत थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेतात. त्या प्रामाणिकपणे सांगतात, दिसेलच असं नाही. आम्ही अशा दोन रात्री धरल्या आहेत. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने बाकीची आरक्षणं केली. विमानं सगळी एकाच तिकिटावर घेतली. मुंबई ते ओस्लो मध्ये एकदा बदलून, पुढे ओस्लोहून ट्रॉम्सो दोन तास. एक विमान चुकलं तर पुढचं देण्याची जबाबदारी त्यांची राहते.

व्हिसा शेंगेन. ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. म्हणजे आम्हाला नॉर्वे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत नाही. फी माणशी ९० युरो आणि केंद्राचा आकार वेगळा. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, माझं रजेचं पत्र, यांच्या मिलचं पत्र, परतीचं तिकीट, राहण्याची आरक्षणं आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना मधुमेह लपवू नका. आधीपासूनच्या आजाराला संरक्षण आहे का, हे शब्दशः वाचून घ्या. ठशांसाठी आम्ही मुंबईची वेळ घेतली आहे. पहाटेची फ्लाइंग राणी पकडायची आणि तिनेच संध्याकाळी परतायचं.

थंडीची शिदोरी

सूरतेत पारा चौदा-पंधरावर आला की आपण कानटोपी शोधतो. तिथे उणे दहा-पंधरा गृहीत धरायचे. एकच जाड कोट घेण्यापेक्षा थर महत्त्वाचे. अंगालगत सुती कपडा घालू नये, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि मग ओल्या अंगाला थंडी चावते. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, मध्ये लोकरीचा थर, वर वारा अडवणारं जाकीट. पॉलिएस्टर चालतं हे ऐकून मास्टर खूश. "सगळं जग सुती-सुती करतं, शेवटी आपलाच माल कामाला आला."

बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना खालून बसवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात. अंधारात कमी दिसणाऱ्या माणसाला ते हवेतच. शिवाय लाल उजेडाचा डोक्यावर बांधायचा दिवा, म्हणजे वाट दिसते आणि डोळ्यांची अंधाराची सवयही मोडत नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं सांगते. इन्सुलिन सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीतच ठेवा. ते एकदा गोठलं की निकामी होतं. बाहेर पडताना पेन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. साखर मोजायचं यंत्र कडाक्याच्या थंडीत चुका दाखवतं, म्हणून खोलीत येऊनच मोजायचं. पायांना बधिरपणा असेल तर थंडीने झालेली इजा कळत नाही. रोज रात्री पाय तपासायचे, मोजे सैल घालायचे. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी.

खाण्यात चिवडा, चकली, खाकरा आणि कळण्याचं पीठ घेणार आहोत. पेढे-बर्फी नाही, दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली, कारण तिथे हॉटेलात दोन वेळ जेवलं तर वरचा मजलाच काय, खालचाही जाईल. सगळा मिळून आमचा अंदाज दोघांचा साडेपाच लाखांचा आहे. त्यात माझ्या भिशीचे दोन हप्ते, बाकी ती मुदतठेव.

आता राहिलं ते आकाशाकडे

सगळं करूनही सातही रात्री ढग असू शकतात. ढग नसले तरी सूर्य शांत असू शकतो. आणि दोन्ही जमलं, तरी यांच्या डोळ्यांना किती दिसेल, ते तिथेच कळणार. आम्ही दोघांनी हे एकमेकांशी स्पष्ट बोलून घेतलं आहे. दिसलं नाही तर मी जे दिसेल ते सांगेन आणि हे ऐकतील, असं ठरलं. सव्वीस वर्षं मी न पाहता सांगत आले. या वेळी निदान पाहून सांगेन.

गेल्या आठवड्यात हे मिलमधून एक जुनं शेड कार्ड घेऊन आले. त्यातल्या हिरव्याच्या तीन पट्ट्या कापून पाकिटात ठेवल्या. मी विचारलं, "अंधारात पट्टी कशी दिसणार?" म्हणाले, "तिथे नाही बघणार. डोळ्यात ठेवीन आणि खोलीत येऊन मॅच करीन. तीस वर्षं तेच केलं आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. वरच्या मजल्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. लेकाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "डोया भरीसन देखी ये."

परतल्यावर काय दिसलं ते लिहीनच, काहीच दिसलं नाही तरी लिहीन. तोवर एक विनंती. तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, दिसण्यात काही फरक वाटत नसला तरीसुद्धा. आम्हाला ते एका परत आलेल्या लॉटमुळे कळलं. तुम्ही तेवढी वाट बघू नका.